एकच संत्र्याचे पेय, तीन बाजार: साखर कमी-जास्त करून का भागत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे ११ ब्रिक्सचे (म्हणजे वजनाने ११ टक्के साखरेचे), गॅस भरलेले संत्र्याचे पेय आहे. रंग सनसेट यलोचा, धूसरपणा इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या तेलाच्या बारीक थेंबांचा), टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट, शिवाय लेबलवर ‘व्हिटॅमिन सी’ लिहिता यावे म्हणून ॲस्कॉर्बिक ॲसिड. रस अजिबात नाही. हे पेय ब्रिटन, अमेरिका आणि आखात या तीन ठिकाणी न्यायचे आहे. तिथल्या आवडीप्रमाणे साखर कमी-जास्त केली आणि लेबल बदलले की झाले का, असे तुम्ही विचारता. जोडीला एक कुतूहल: फँटासारखे पेय एका देशात भडक नारिंगी आणि दुसऱ्या देशात फिकट पिवळसर का दिसते?

नाही, तेवढ्याने होत नाही. लोकांची आवड हे फरकाचे एक कारण आहे, पण पाकृती ठरवताना तिचा नंबर शेवटी लागतो. आधी कायदा आणि कर, मग गोदामातले तापमान आणि बाटली, मग भरणीच्या ठिकाणचे पाणी व साखर, आणि एवढे सगळे ठरल्यावर उरलेल्या जागेत चव. उलट्या क्रमाने गेलात तर चव चाखणाऱ्या पॅनेलने पसंत केलेली चव सहा महिन्यांनी मोडावी लागते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: या पेयातला कुठलाही घटक एकटा बदलत नाही. एक काढला की त्याच्या आधाराने उभे असलेले दोन हलतात. पुढे बहुतेक त्याविषयीच लिहितो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. तयार बाटल्या पाठवणार, की फ्लेवर-इमल्शनचा संच पाठवून तिथल्या कारखान्यात भरून घेणार? कॅन की पेट (प्लास्टिकची) बाटली? बाटली किती मिलिलिटरची? आणि रस घालायची तयारी आहे का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने निम्मे हिशेब बदलतात.

साखरेपासून सुरुवात करू, कारण तुम्हीही तिथूनच केली आहे. ११ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम. लेबलवर मात्र १०० मिलिलिटरचा आकडा जातो. या पेयाची घनता सुमारे १.०४४, म्हणून १०० मिलिलिटरला साधारण ११.५ ग्रॅम साखर. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१८ पासून सॉफ्ट ड्रिंक लेव्ही, म्हणजे गोड शीतपेयांवरचा कर, आहे. बाहेरून साखर घातलेल्या पेयात एकूण साखर १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम झाली की खालचा दर, ८ ग्रॅम झाली की वरचा. सुरुवातीचे दर लिटरला १८ आणि २४ पेन्स होते, नंतर वाढले. तुमचे पेय थेट वरच्या टप्प्यात पडते. फँटा ऑरेंजची ब्रिटनमधली साखर लेव्हीच्या आधी ६.९ ग्रॅम होती, ती ४.६ वर आली. अमेरिकेत त्याच नावाच्या पेयात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते. एवढा फरक दोन देशांच्या जिभांत नसतो. तो कराच्या रेषेने पाडलेला आहे.

कर कसा बांधला आहे यावरून पाकृती कुठे थांबणार ते सांगता येते. ब्रिटनसारखी पायरी असली की सगळे पायरीच्या जरा खाली येऊन बसतात. दक्षिण आफ्रिकेत १०० मिलिलिटरला ४ ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमवर आकारणी आहे, त्यामुळे तिथे ९ वरून ८ वर येण्यालाही किंमत आहे. मेक्सिकोने २०१४ मध्ये लिटरला एक पेसो असा सरसकट कर लावला. साखर थोडी कमी करून त्यात काहीच वाचत नव्हते. आखातात संयुक्त अरब अमिरातीने २०१७ मध्ये गॅसच्या पेयांवर सरसकट ५० टक्के अबकारी कर लावला, आणि २०२६ पासून तो साखरेच्या प्रमाणावर नेला. म्हणजे काल तिथे ११ ब्रिक्सचे पेय पाठवण्यात तोटा नव्हता, आज हिशेब पुन्हा मांडावा लागेल. मालाचा करार करताना चालू दर आयातदाराकडून लेखी घ्या. जुन्या तक्त्यावर विसंबू नका.

ब्रिटनसाठी ४.९ ग्रॅम धरू नका. आम्लयुक्त पेयात साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते, आणि त्या क्रियेत पाण्याचा रेणू जोडला जात असल्याने १ ग्रॅम साखरेचे १.०५ ग्रॅम होतात. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) ३ च्या आसपास आणि उबदार गोदामात हे काही आठवड्यांत होते. भरताना ४.८ असलेले पेय पूर्ण विघटनानंतर प्रयोगशाळेत ५.०५ दाखवेल. ४.६ ठेवले तर ४.८४ वर थांबते, आणि भरणीतल्या चढउतारालाही थोडी जागा राहते. हाच मुद्दा गुणवत्ता तपासणीलाही लागू आहे: साठवलेल्या बाटलीचा ब्रिक्स भरणीच्या दिवसापेक्षा जास्त येतो. पाण्याचे प्रमाण चुकले असे समजून सिरप मशीनची सेटिंग हलवण्याआधी बाटलीची तारीख बघा.

११.५ वरून ४.६ म्हणजे जवळपास ७ ग्रॅमची गोडी दुसरीकडून, म्हणजे स्वीटनरमधून (साखरेऐवजीच्या गोड पदार्थांतून) आणायची. लिटरला ७० मिग्रॅ सुक्रॅलोज (साखरेच्या सुमारे ६०० पट गोड) ४.२ ग्रॅमची जागा घेते, १०० मिग्रॅ एसेसल्फेम-के (सुमारे २०० पट) २ ग्रॅमची. दोन्ही एकत्र असताना गोडी बेरजेपेक्षा थोडी जास्त लागते, त्यामुळे हे सुरुवातीला बरे आकडे आहेत. युरोपीय मर्यादा अनुक्रमे ३०० आणि ३५० मिग्रॅ, म्हणजे जागा भरपूर आहे. ॲस्पार्टेम चवीला जास्त स्वच्छ, पण आम्लात आणि उष्णतेत ते हळूहळू तुटते आणि गोडी कमी होत जाते. थंड हवेच्या, झटपट खपणाऱ्या बाजारात ते चालते. आखातासाठी मी ते सुचवणार नाही. शिवाय त्याच्यासोबत फेनिलॲलॅनिनची सूचना छापावी लागते. सायक्लामेट युरोपात लिटरला २५० मिग्रॅपर्यंत चालते, अमेरिकेत मात्र १९६९ साली बंदीचा निर्णय झाल्यापासून चालत नाही. म्हणून ‘सगळीकडे एकच स्वीटनर मिश्रण’ हवे असेल तर सुक्रॅलोज आणि एसेसल्फेम-के ही जोडी कमी डोकेदुखीची.

स्वीटनर घातल्यावर आम्लता तशीच ठेवली तर पेय टोचते. साखर आंबटपणा झाकते, तिच्याबरोबर तोंडात जाणवणारा भरीवपणाही येतो. सायट्रिक ॲसिड ५ ते १० टक्क्यांनी खाली आणा आणि लिटरला ०.२ ते ०.३ ग्रॅम सोडियम सायट्रेटने कडा बोथट करा. पण सायट्रेट घातले की पीएच वर सरकतो, आणि बेंझोएटचे काम पीएचवर चालते. पीएच ३.० ला त्याचा सुमारे ९४ टक्के भाग उपयोगी, म्हणजे अविघटित रूपात असतो, ३.५ ला ८३ टक्के. चवीसाठी केलेली दुरुस्ती टिकाऊपणाच्या खात्यातून पैसे काढते. ३.२ च्या वर जाऊ नका.

कर नसला तरी लेबलचा दबाव असतो. चिलीत १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या वर साखर गेली की बाटलीवर इशाऱ्याचा काळा अष्टकोन येतो. मेक्सिकोत २०२० पासून साखरेसाठी अष्टकोन तर आहेच, पण स्वीटनर असेल तर मुलांसाठी शिफारस नसल्याची वेगळी सूचनाही छापावी लागते. म्हणजे साखर काढून एक चौकट टाळली तर दुसरी येते. सिंगापूरच्या न्यूट्री-ग्रेड या लेबलवरच्या श्रेणीत सर्वांत वरची ‘ए’ श्रेणी हवी तर साखर १ ग्रॅमपर्यंत आणि स्वीटनर शून्य; संत्र्याच्या गोड पेयाने तो नाद सोडून ‘बी’ धरावे, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. तुमचे तीन बाजार वेगळे आहेत, पण चौथा कधीतरी येईलच.

आता इमल्शन. साखर बदलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष इथे जात नाही, आणि तक्रारी मात्र इथूनच येतात. तुमच्या पेयाचा धूसरपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. संत्र्याच्या तेलाची घनता सुमारे ०.८४, तुमच्या पेयाची १.०४४. एवढ्या फरकाने थेंब वर चढतात आणि बाटलीच्या गळ्याशी तेलकट कडे बसते. म्हणून तेलात जड पदार्थ मिसळून त्याचे वजन वाढवतात. एस्टर गमची (झाडाच्या राळेपासूनच्या पदार्थाची) घनता १.०८, एसएआयबीची (साखरेपासून बनवलेल्या सुक्रोज ॲसिटेट आयसोब्युटिरेटची) १.१५, आणि ब्रोमिनयुक्त वनस्पती तेलाची, म्हणजे बीव्हीओची, १.३३. बीव्हीओ सर्वांत कार्यक्षम होते. युरोपात ते चालत नव्हतेच. अमेरिकेत १५ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १५ भाग) चालायचे, पण तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामकाने, जुलै २०२४ मध्ये परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना बदलासाठी एक वर्ष दिले. तुमच्या इमल्शन पुरवठादाराच्या जुन्या तपशिलात ते असेल तर तिन्ही बाजारांसाठी बाद.

उरले दोन. एस्टर गमची मर्यादा लिटरला १०० मिग्रॅ, एसएआयबीची ३०० मिग्रॅ. तेलाची घनता १.०२ पर्यंत आणायची तर एक भाग तेलाला वजनाने साधारण दोन भाग एसएआयबी लागते. म्हणजे ३०० मिग्रॅच्या मर्यादेत सुमारे १५० मिग्रॅ तेल बसते. एस्टर गमने तीच घनता गाठायची तर चार भाग लागतात, आणि १०० मिग्रॅमध्ये जेमतेम २५ मिग्रॅ तेल सावरले जाते. त्यामुळे एस्टर गम वापरणारे घनता पूर्ण जुळवतच नाहीत. ते तेलाइतकाच गम घालून ०.९४-०.९५ वर थांबतात आणि बाकीचे काम थेंबांच्या आकारावर सोडतात. थेंबाची वर चढण्याची गती त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्रिज्या दुप्पट तर गती चौपट. होमोजिनायझरमधून (थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून) २०० ते ३०० बार दाबाने दोनदा काढून सरासरी आकार एक मायक्रॉनच्या आत ठेवा. फार बारीक केलेत तर पेय टिकते पण धूसरपणा जातो आणि ते दुधाळ दिसण्याऐवजी पातळ, निळसर दिसते. साधारण ०.४ ते ०.८ मायक्रॉनच्या मधली जागा शोधायची.

साखर उतरल्यावर काय होते ते पाहा. ४.६ ग्रॅमच्या पेयाची घनता १.०१७ च्या आसपास येते. एस्टर गमवर ०.९४५ ला थांबलेले इमल्शन असेल तर फरक कमी झाला, म्हणजे कड्याचा धोका थोडा घटला. पण एसएआयबीने तेल १.०४ वर नेऊन जुन्या पेयाशी बरोबर जुळवले असेल, तर तेच तेल आता पेयापेक्षा जड झाले आणि तळाला बसणार. साखर कमी झाल्याने द्रव पातळही झाला, म्हणजे जे व्हायचे ते लवकर होणार. ब्रिटनसाठी आणि अमेरिकेसाठी एकच इमल्शन वापरायचे असेल तर ते मुद्दाम १.०१ च्या जवळ ठेवा आणि दोन्ही पेयांत स्वतंत्र तपासा. बाटल्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही ठेवा. आडव्या बाटलीत कडे लांब रेघ होऊन लवकर दिसते.

यानंतर रंग, आणि यात तुमच्या पाकृतीचा सर्वांत कमकुवत सांधा आहे. सनसेट यलो, म्हणजे ई११०, युरोपात बंदी नसलेला पण नकोसा झालेला रंग आहे. २० जुलै २०१० पासून त्याच्यासह सहा रंगांच्या पाकिटावर मुलांच्या वागणुकीवर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो अशी सूचना युरोपीय संघात सक्तीची झाली, ब्रिटनमध्येही ती लागू आहे. शीतपेयातली त्याची मर्यादाही नंतर लिटरला २० मिग्रॅपर्यंत खाली आणली गेली. ती ओळ बाटलीवर छापण्यापेक्षा बहुतेक कंपन्यांनी रंगच बदलला. म्हणून तिकडे बीटा-कॅरोटिन किंवा गाजर-भोपळ्याचा अर्क, आणि म्हणून तिकडचे पेय फिकट. अमेरिकेत तोच रंग यलो ६ या नावाने चालतो, पण एक अट असते जी निर्यातदार विसरतात: रंगाच्या प्रत्येक लॉटला एफडीएचे प्रमाणपत्र लागते. रासायनिक दृष्ट्या तंतोतंत तोच रंग, पण प्रमाणपत्राविना असेल तर माल बेकायदा. शिवाय अमेरिकेतही कृत्रिम रंगांविरुद्ध वारे आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या कायद्याने शाळांच्या खाण्यातून असे सहा रंग काढायचे ठरवले आहे. तुम्ही आज नव्याने पाकृती बांधत असाल तर तिन्ही बाजारांसाठी कॅरोटिनच धरा, असे माझे मत आहे. भडक रंगाचा हट्ट अमेरिकेतल्या आयातदाराने धरलाच तर त्याची वेगळी बॅच.

कॅरोटिनची मात्रा लिटरला ५ ते १० मिग्रॅ. १ टक्का शक्तीचे इमल्शन असेल तर ०.५ ते १ ग्रॅम. ते उजेडात आणि ऑक्सिजनमुळे विरते, म्हणून सोबत १०० ते २०० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक ॲसिड घालतात. पण हेच ॲस्कॉर्बिक ॲसिड सनसेट यलोसारख्या ॲझो रंगांना उलट फिके करते. म्हणजे तुमच्या सध्याच्या पाकृतीत रंग आणि व्हिटॅमिन सी एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. उन्हातल्या बाटल्या फिक्या पडत असतील तर कारण बहुधा हे. दुसरा आणि गंभीर भाग असा, की बेंझोएट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड एकत्र असताना, धातूंचे अंश, उष्णता व उजेड यांच्या साथीने बेंझिन, म्हणजे कर्करोगकारक रसायन, तयार होऊ शकते. मात्रा अब्जांशात असते, पण पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाच अब्जात १० भाग आहे, अमेरिकेची ५. उन्हात तापलेल्या कंटेनरमधून आखातात जाणारे साखर नसलेले किंवा कमी साखरेचे पेय यात सर्वाधिक जोखमीचे, कारण साखर ही क्रिया काहीशी दाबते. तुमच्या बाबतीत साखरही उतरणार आहे.

साखळी एकदा ओळीने बघा. ब्रिटनसाठी सनसेट यलो गेला, म्हणून कॅरोटिन आले. कॅरोटिनला वाचवायला ॲस्कॉर्बिक ॲसिड हवे. ॲस्कॉर्बिक ॲसिड असताना बेंझोएट नको. म्हणून पोटॅशियम सॉर्बेट हे दुसरे टिकवणारे रसायन, आणि सॉर्बेटने सिरप-खोलीतली कामाची पद्धत बदलते. लेबलवरचा एक शब्द बदलायला निघालो आणि मिक्सिंग टँकपर्यंत पोचलो.

सॉर्बेटचे सांगतो. ते आधीच आम्ल घातलेल्या सिरपमध्ये टाकले तर सॉर्बिक ॲसिड पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडते आणि पुन्हा विरघळायला नाखूश असते. क्रम असा ठेवा: टाकीत पाणी, त्यात सॉर्बेट पूर्ण विरघळवणे, मग साखर किंवा साखरेचे सिरप, मग स्वीटनर, मग वेगळ्या पाण्यात विरघळवलेले सायट्रिक ॲसिड हळूहळू ढवळत, आणि इमल्शन सर्वांत शेवटी, मंद ढवळणीत. बेंझोएट ठेवणार असाल तरी हाच क्रम. बेंझोएटची युरोपीय मर्यादा लिटरला १५० मिग्रॅ आहे, पण ती बेंझोइक ॲसिडच्या हिशेबात. सोडियम बेंझोएट वजन कराल तर १७७ मिग्रॅ चालते. अमेरिकेत धातूंना बांधून ठेवायला ईडीटीए ३३ पीपीएमपर्यंत घालतात आणि त्याने बेंझिनचा धोका बराच कमी होतो, पण युरोपात शीतपेयात ते चालत नाही. एकच पाकृती दोन्हीकडे नेण्याच्या आशेवर इथे पाणी पडते.

रस घालायचा की नाही? फँटाच्या फरकाचे हे दुसरे मोठे कारण. अमेरिकेतल्या फँटा ऑरेंजमध्ये रस नसतो, ग्रीसमध्ये २० टक्के असतो. इटलीत संत्र्याच्या नावाने विकायच्या पेयात किमान १२ टक्के रसाची अट होती, ती २०१८ पासून २० टक्के झाली. (हे पेय जन्मापासूनच हाताशी असेल त्याच्याशी जुळवून घेणारे आहे: १९४० मध्ये जर्मनीत ते चीज करताना उरणारे दुधाचे पाणी आणि सफरचंदाचा चोथा यांतून उभे राहिले, संत्र्याचे फँटा १९५५ मध्ये नेपल्समधून आले.) जपानमध्ये रसाच्या टक्केवारीवर लेबलवरचे चित्रही ठरते: फळाची कापलेली फोड फक्त १०० टक्के रसावर, ५ टक्क्यांच्या खाली फळाचे हुबेहूब चित्रही नाही. अमेरिकेत लेबलवर संत्रे दाखवलेत तर रसाची टक्केवारी लिहावी लागते, शून्य असली तरी.

टक्केवारीचा हिशेब करताना आधार कोणता ते बघा. सांद्र (पाणी काढून दाट केलेल्या) रसापासून बनवलेल्या संत्र्याच्या रसाला युरोप ११.२ ब्रिक्स धरतो, अमेरिका ११.८. हजार लिटर पेयात २० टक्के रस म्हणजे ६५ ब्रिक्सचा सांद्र रस युरोपच्या हिशेबाने सुमारे ३६ किलो, अमेरिकेच्या हिशेबाने ३८. ३६ किलोच घालून अमेरिकेत २० टक्के छापले तर दावा खोटा ठरतो. या रसाबरोबर १०० मिलिलिटरला पावणेदोन ते दोन ग्रॅम साखरही येते, आणि ब्रिटनमधला टप्पा एकूण साखरेवर ठरत असल्याने बाहेरून घालायला तेवढी कमी उरते. रसाने यीस्टला खाद्यही मिळते. बेंझोएट आणि सॉर्बेट दोन्हींना न जुमानणारी झायगोसॅकॅरोमायसिस बेली नावाची यीस्ट रसाच्या कारखान्यांत नेहमीची आहे. एका पेशीवरून बाटली फुगते. म्हणून रस २-३ टक्क्यांच्या वर गेला की नुसत्या प्रिझर्व्हेटिव्हवर भिस्त ठेवू नका. कॅन किंवा काच असेल तर टनेल पाश्चरायझर (भरलेल्या बाटल्या गरम करणारे यंत्र), पेट असेल तर सिरपचे फ्लॅश पाश्चरायझेशन (थोड्या सेकंदांसाठी गरम करणे) आणि भरणीच्या वेळी डायमिथाइल डायकार्बोनेट हे जंतुनाशक, लिटरला २५० मिग्रॅच्या आत. यातले काही तुमच्याकडे नसेल तर पहिल्या फेरीत रस घालू नका. ब्रिटन आणि अमेरिकेत रसाविना चालते.

आखाताकडे येऊ. तिथे पाकृतीचा शत्रू तापमान. दर १० अंशांना बिघाडाची गती साधारण दुप्पट धरा. २० अंशांवर नऊ महिने टिकणारे पेय ४० अंशांवर दोन-सव्वादोन महिन्यांत म्हातारे होते. संत्र्याच्या तेलातले लिमोनिन ऑक्सिजनमुळे बिघडून टर्पेंटाइनसारखा वास देते. त्यावर उपाय म्हणजे लिमोनिन बरेचसे काढून पाचपट दाट केलेले तेल, आणि भरणीच्या पाण्यातली हवा काढणे. तुम्ही पुढे लिंबाचा प्रकार काढणार असाल तर काम जास्त अवघड, कारण लिंबाची ओळख ज्या सिट्रालवर आहे ते आम्लातच तुटते, हवा असो वा नसो, आणि शेवटी औषधी, फिनाइलकडे झुकणारा वास उरतो.

पेट बाटलीतून गॅसही निसटतो, गरमीत जास्त. लहान बाटलीत द्रवाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून २५० मिलिलिटरची बाटली दोन लिटरच्या कितीतरी आधी सपक होते. संत्र्याच्या पेयात साधारण २.५ व्हॉल्यूम (द्रवाच्या अडीचपट आकारमानाचा) गॅस असतो, म्हणजे लिटरला ४.९ ग्रॅम. आखातासाठी भरताना २.७ ठेवा आणि लहान बाटलीची मुदत मोठीपेक्षा कमी छापा. लिंबू प्रकारात ३.८ ते ४ व्हॉल्यूम लागतात. ४ व्हॉल्यूमला २० अंशांवर बाटलीत साडेतीन बारच्या आसपास दाब असतो, तो ४० अंशांवर सहाच्या वर जातो. बाटलीचा बूड आणि झाकण त्यासाठी तपासलेले हवे.

आखातासाठी हलाल प्रमाणपत्रही लागेल. त्यात अडकतात ते दोन लपलेले घटक: फ्लेवरमधले वाहक अल्कोहोल आणि कॅरोटिन पावडरीला धरून ठेवणारे जिलेटिन. पुरवठादाराकडून फ्लेवर प्रॉपिलीन ग्लायकॉलवर मागवा (युरोपात तयार पेयात त्याची मर्यादा लिटरला १ ग्रॅम, फ्लेवरच्या मात्रेत ती सहज सांभाळली जाते) आणि कॅरोटिन सुधारित स्टार्च किंवा गम अरेबिकवर. हे एकदा केले की तिन्ही बाजारांत तेच वापरा, वेगळे ठेवण्यात काही अर्थ नाही.

तिथल्या कारखान्यात भरून घेणार असाल तर पाणी तपासा. एक भाग सिरपला पाच भाग पाणी, म्हणजे पेयाचा बहुतांश भाग तिथला. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल मारण्याची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १०० मिग्रॅ असेल तर ती लिटरला सुमारे १३० मिग्रॅ सायट्रिक ॲसिड मारते. तुमच्या पेयात आम्ल २ ग्रॅम धरले तर साडेसहा टक्के आंबटपणा गेला, आणि पीएच वर. ५० च्या खाली मागा, आणि क्लोरीन शून्य. साखर बीटची असेल तर आम्लात काही दिवसांनी पांढरे तंतू दिसू शकतात. धूसर पेयात ते लपतात, पारदर्शक लिंबूपेयात नाही. साखरेच्या लॉटची दहा दिवसांची फ्लॉक चाचणी (असे तंतू पडतात का ते पाहणारी) मागून घ्या. अमेरिकेत साखरेऐवजी बहुधा एचएफसीएस-५५, म्हणजे मक्यापासूनचे फ्रुक्टोजयुक्त सिरप, मिळेल. त्यात ७७ टक्के घन भाग असतो, म्हणून १०० किलो साखरेऐवजी १३० किलो. गोडी जवळपास तेवढीच, आणि विघटन आधीच झालेले असल्याने ब्रिक्स साठवणीत सरकत नाही. टाकी मात्र उबदार लागते, नाहीतर ते दाणेदार होते.

राहता राहिली आवड. ढोबळमानाने दक्षिण युरोपात संत्र्याची साल आणि रस आठवणारी, किंचित कडसर चव चालते. अमेरिकेत गोळीसारखी, गोड एस्टरांची (फळासारखा वास देणाऱ्या संयुगांची) आणि व्हॅनिलाकडे झुकणारी. एवढ्यासाठी तीन फ्लेवर घेऊ नका. एक मूळ संत्र्याचा फ्लेवर ठेवा आणि त्यावर दोन छोटी पुरवणी मिश्रणे: एक सालीचे, एक गोड फळाचे. पॅनेलला ताजे पेय देऊन निर्णय घेऊ नका. ३० अंशांवर सहा आठवडे ठेवलेले द्या, ग्राहक तेच पिणार आहे. तुलना तिथल्या बाजारात आज विकल्या जाणाऱ्या पेयाशी करा, तुमच्या जुन्या पेयाशी नाही.

कामाचा क्रम म्हणाल तर पहिली बॅच ब्रिटनसाठी बनवा, कारण तिथली बंधने सर्वांत घट्ट आहेत: ४.६ ग्रॅम साखर, सुक्रॅलोज आणि एसेसल्फेम-के, कॅरोटिन, ॲस्कॉर्बिक ॲसिड, सॉर्बेट, एसएआयबीचे इमल्शन. मग त्यातूनच आखाताची काढा, गॅस वाढवून आणि फ्लेवर गरमीला टिकणारा करून. अमेरिकेसाठी साखर परत वाढवा, आम्लता तिच्या प्रमाणात वर न्या आणि इमल्शन नव्या घनतेवर तपासा. प्रत्येक प्रकाराच्या बाटल्या ४, २५ आणि ४० अंशांवर बारा आठवडे ठेवा, काही उजेडाच्या कपाटात. दर दोन आठवड्यांनी ब्रिक्स, पीएच, गॅस, रंग, गळ्याचे कडे आणि तळ पाहा. ४ अंशांवरची बाटली तुलनेसाठी. बेंझोएट कुठल्याही कारणाने ठेवलेच, तर ४० अंशांवरच्या बाटलीचे बेंझिन बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून घेतल्याशिवाय माल भरू नका.